लग्नाच्या ऑर्डरसाठी पहिला कॅमेरा कसा निवडायचा

महाराष्ट्रात फोटोग्राफीवर घर चालवायचं ठरवणाऱ्या बहुतेकांच्या हातात पहिली ऑर्डर येते ती लग्नाची किंवा साखरपुड्याची. म्हणून इथली सगळी माहिती त्याच कामाला धरून दिली आहे. पक्षी, फॅशन किंवा प्रॉडक्ट शूट करणाऱ्यांची गणितं वेगळी असतात.

लग्नात क्षण परत मिळत नाही. शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट बाजूला होतो, अक्षता उडतात, हार गळ्यात पडतात आणि हे सगळं अर्ध्या मिनिटात उरकतं. कार्ड करप्ट झालं, फोकस मागच्या मामांवर गेला, फ्लॅश पेटलाच नाही, असली कारणं पार्टीला सांगता येत नाहीत. तेव्हा कॅमेरा बघताना ऐनवेळी दगा कुठे बसू शकतो ते आधी बघायचं. फोटो किती देखणा येतो हे त्यानंतर, कारण गेल्या दहा वर्षांतला कुठलाही बरा कॅमेरा देखणा फोटो देतोच.

दोन कार्डांची सोय हवीच

एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो लिहिणारी बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) घ्या. मेमरी कार्ड कुठलीही सूचना न देता मरतं, आणि ब्रँडेड कार्डही त्याला अपवाद नाही. दुसरं कार्ड असेल तर संध्याकाळी घाम फुटत नाही.

बजेटमधले बरेच लोकप्रिय कॅमेरे इथेच गळतात. कॅननचे आर, आरपी आणि आर८, तसेच ६डी आणि ६डी मार्क टू यांना एकच स्लॉट (कार्ड घालायचा खण) आहे. निकॉनचा पहिला झेड६ आणि डी७५०० यांनाही एकच. सोनीची ए६००० मालिका, ए७ टू आणि ए७सी याच गटात. उलट सोनी ए७ थ्री आणि ए७ फोर, कॅनन आर६, आर६ मार्क टू आणि आर७, निकॉन झेड५, झेड५ टू आणि झेड६ टू, फुजीचे एक्स-टी३ ते एक्स-टी५ यांना दोन स्लॉट आहेत. जुन्या डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत) निकॉन डी७५०, कॅनन ५डी मार्क थ्री आणि मार्क फोर हे दोन स्लॉटवाले.

दोन स्लॉट असले तरी दोन्ही सारख्या वेगाचे असतातच असं नाही. ए७ थ्रीमध्ये फक्त पहिला स्लॉट यूएचएस-टू, म्हणजे वेगवान कार्डांचा आहे. ५डी मार्क थ्रीचा एसडी कार्डाचा स्लॉट सीएफ या जुन्या, मोठ्या कार्डाच्या स्लॉटच्या मानाने चांगलाच मंद आहे. दोन्हीकडे रॉ (सेन्सरवरची कच्ची, जड फाइल) लिहायला लावलं की बॉडी मंद कार्डाच्या चालीने चालते, बफर (कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती कॅमेऱ्यातली जागा) भरतो आणि हार घालताना शटर अडतं. अशा बॉडीत एका कार्डावर रॉ आणि मंद कार्डावर मोठी जेपेग असं सेटिंग ठेवा. झेड६ टूचा एक स्लॉट सीएफएक्स्प्रेस किंवा एक्सक्यूडीचा आहे. ती कार्डं महाग असतात आणि त्यांना रीडरही वेगळा लागतो, हा खर्च बॉडीच्या किमतीतच धरायचा.

फोकसची परीक्षा मुंडावळ्यांवर घ्या

दुकानात विक्रेत्याच्या चेहऱ्यावर डोळ्याचा चौकोन पटकन बसतो आणि आपण खूश होतो. खरी परीक्षा तिथे होत नाही. मराठी लग्नात नवरा-नवरीच्या चेहऱ्यापुढे मुंडावळ्या हलत असतात. बाजूने फोटो घेताना मोत्यांची सर डोळ्याच्या पुढे येते आणि कॅमेरा सरीवर फोकस करतो. मागच्या स्क्रीनवर फोटो ठीक दिसतो, घरी मोठ्या मॉनिटरवर मोती धारदार आणि डोळे मऊ निघतात.

म्हणून ट्रायल घेताना मण्यांची एखादी माळ जवळ ठेवा. कोणाला तरी ती कपाळावरून गालाशी धरायला सांगा, ८५ किंवा ७०-२०० मिमीची लेन्स पूर्ण उघडी (सर्वांत लहान एफ आकड्यावर) ठेवून तिरक्या कोनातून पंधरा-वीस फोटो काढा आणि एकेक फोटो १०० टक्के झूम करून पापण्या बघा. मग दिवे मंद करा आणि माणसाला तुमच्याकडे चालत यायला सांगून हेच पुन्हा करा. वरातीत आणि सप्तपदीत नेमकं असंच असतं. विसात सोळा-सतरा फोटो डोळ्यांवर धारदार असतील तर ती बॉडी कामाची.

वापरलेला ए७ थ्री घेत असाल तर त्यातलं फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर बघा. हा कॅमेरा २०१८ चा आहे, पण बटण दाबून न धरता डोळ्यांचा सतत पाठलाग करणारा फोकस त्याला २०१९ मध्ये ३.० फर्मवेअरने मिळाला. अपडेट फुकट आहे. डी७५०सारखा डीएसएलआर अजूनही स्वस्तात उत्तम स्थिरचित्रं देतो आणि त्याची बॅटरी कंपनीच्या आकड्यानुसार १,२३० फोटो चालते, मात्र डोळे शोधण्याची सोय नाही आणि स्क्रीनवरून व्हिडिओ घेताना फोकस हळू आहे. फक्त ट्रॅडिशनल स्थिरचित्रांचं काम करणार असाल तरच तो घ्या.

हॉलमधले दिवे

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद असेल तर प्रत्येक फोटोत सारखाच प्रकाश येतो. १/५०० वर गेलात की एक फोटो पिवळा, दुसरा काळपट, तिसऱ्यात अर्धी फ्रेम अंधारी असा प्रकार होतो. बहुतेक नव्या बॉडींत अँटी-फ्लिकर असतं आणि ते या १०० च्या लयीला ओळखून शटर सोडतं. स्टेजमागची एलईडी वॉल मात्र याहून कितीतरी जास्त वेगाने चमकते, तिला हे साधं अँटी-फ्लिकर पुरत नाही. आर६ मार्क टूसारख्या काही बॉडींत शटरचा वेग अगदी बारीक टप्प्यांनी बदलून पट्टे घालवता येतात. स्टेजचं काम जास्त असेल तर या सोयीला वजन द्या.

सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरच्या मोहात पडू नका. बहुतेक बॉडींत सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे एलईडीखाली आडवे पट्टे येतात, नाचणाऱ्याचे हात वाकडे होतात आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत या शटरवर फ्लॅश पेटतच नाही. बॉडीला मेकॅनिकल शटर हवं, आणि ट्रायलमध्ये १/५०, १/१००, १/२०० आणि १/५०० या चारही वेगांवर एलईडीखाली फोटो काढून बघायचं.

मेगापिक्सेल किती लागतात

हा हिशेब अल्बमवरून करा. नेहमीचा करिझ्मा अल्बम उघडल्यावर १२ बाय ३६ इंच होतो, म्हणजे एक पान १२ बाय १८. ३०० डीपीआयने छापायचं तर ३,६०० बाय ५,४०० पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६,००० बाय ४,००० असतो, म्हणजे अख्खं पान भरून थोडं क्रॉप करायलाही जागा उरते. जास्त मेगापिक्सेलचा भार हार्ड डिस्कवर आणि कॉम्प्युटरवर पडतो. ए७ थ्रीची कॉम्प्रेस्ड रॉ फाइल साधारण २४ एमबीची आणि अनकॉम्प्रेस्ड सुमारे दुप्पट. एका लग्नाचे तीन हजार फोटो धरले तर पहिली ७० जीबीच्या पुढे आणि दुसरी १४० जीबीच्या आसपास जाते, आणि प्रत्येक लग्नाच्या दोन प्रती ठेवायच्या असतात.

फुल फ्रेम की क्रॉप? फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिमी, सोनी-निकॉन-फुजीचा क्रॉप, म्हणजे लहान सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळात सव्वादोन पटींहून जास्त फरक आहे आणि हॉलमधल्या ६४०० आयएसओवर (कमी प्रकाशात वाढवायच्या संवेदनशीलतेवर) तो दिसतो. पण हातात पैसे मोजके असतील तर फुल फ्रेम बॉडी आणि किट लेन्स (बॉडीसोबत येणारी साधी लेन्स) या जोडीपेक्षा क्रॉप बॉडी आणि एफ/२.८ लेन्स ही जोडी निश्चित बरी; एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त.

बॉडीआधी लेन्स ठरवा

किट लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ ला येते. एफ/२.८ ची लेन्स तिच्या चौपट प्रकाश आत घेते आणि एफ/१.८ ची जवळपास दहापट. एफ/२.८ वर ३२०० आयएसओ लागत असेल तिथे एफ/५.६ वर १२,८०० लागेल. चांगली लेन्स आणि साधी बॉडी यांचा फोटो साधी लेन्स आणि भारी बॉडी यांच्यापेक्षा सरस येतो याचं कारण हे गणित आहे.

सुरुवातीला एफ/२.८ चा एक स्टँडर्ड झूम आणि एक ८५ एफ/१.८ एवढं पुरतं. विधी, ग्रुप, आहेर हे सगळं झूमवर होतं. नवरीचे कँडिड आणि डोळ्यांत पाणी आलेले आई-वडील ८५ वर. क्रॉपवर ८५ ऐवजी ५० ते ५६ मिमीची लेन्स घ्या. ७०-२०० पहिल्या वर्षी भाड्याने आणलेली परवडते.

माउंट (लेन्स बॉडीला बसते ती जोडणी) ठरवणं म्हणजे पुढची काही वर्षं ठरवणं. सोनीच्या ई-माउंटवर टॅमरॉन आणि सिग्माच्या लेन्सची रेलचेल आहे, टॅमरॉनचा २८-७५ आणि सिग्माचा २४-७० एफ/२.८ हे त्यातले पहिले पर्याय. जुन्या बाजारातही ई-माउंटचा माल भरपूर मिळतो. निकॉन झेडवर टॅमरॉनचे काही झूम आहेत. कॅननच्या आरएफ माउंटवर फुल फ्रेमसाठी बाहेरच्या कंपन्यांच्या ऑटोफोकस लेन्सना वाव फारच तोकडा ठेवलेला आहे, पण कॅननच्या डीएसएलआरच्या जुन्या ईएफ लेन्स अडॅप्टरवर फार छान चालतात. घरात किंवा ओळखीत ईएफ लेन्स असतील तर कॅननकडे जाण्यात शहाणपण आहे.

पैशांची वाटणी करताना एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त बॉडीवर घालवू नका. लेन्सला एक तृतीयांशाच्या आसपास द्या आणि उरलेले फ्लॅश, कार्डं, बॅटऱ्या आणि बॅग यांना. बॉडीची किंमत भराभर उतरते, लेन्सची हळू.

व्हिडिओही करणार असाल तर

तीन गोष्टी विचारा. सलग रेकॉर्डिंग किती वेळ चालतं? ए७ थ्री आणि पहिला आर६ सुमारे ३० मिनिटांनी थांबतात, त्यामुळे विधींच्या मध्येच रेकॉर्डिंग बंद पडलेलं कळतही नाही. आर६ मार्क टूला ही अडचण नाही. फोर-के घेताना फ्रेम किती कापली जाते? झेड५ मध्ये १.७ पट कापली जाते, म्हणजे छोट्या खोलीत मागे सरकायला जागा उरत नाही. आणि रंग किती बिटचे? ए७ थ्री ८ बिट देतो, ए७ फोर १० बिट. हळदीच्या पिवळ्या छटा ग्रेडिंगमध्ये (रंग सुधारताना) ओढल्या की ८ बिट लवकर फाटतो.

जुना कॅमेरा घेताना

पहिली बॉडी वापरलेली घ्यायला हरकत नाही. मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार यासाठी प्रसिद्ध आहे, इतर शहरांतही फोटोग्राफरांच्या ओळखीतून माल फिरतो. मात्र तपासणीला शांतपणे तासभर द्या. घाई करणाऱ्या विक्रेत्याला नमस्कार करून निघा.

स्वतःची दोन कार्डं, बॅटरीवरचा टॉर्च आणि जमल्यास लॅपटॉप बरोबर ठेवा. आधी बॉडीवरचा सीरियल नंबर बिलाशी जुळवा आणि फोटोच्या मेटाडेटात (फाइलसोबत साठलेल्या माहितीत) नंबर येत असेल तर तोही बघा. मग शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उडालं तो आकडा. निकॉनमध्ये तो जेपेगच्या मेटाडेटात सापडतो, इतरांत बऱ्याचदा वेगळं सॉफ्टवेअर लागतं. डी७५० आणि ५डी मार्क फोरचं शटर दीड लाखांचं, डी८५० चं दोन लाखांचं. हा आकडा ओलांडला की शटर लगेच मोडतं असं नाही, पण बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा. लग्नाच्या फोटोग्राफरकडचा कॅमेरा दोन-तीन सीझनमध्ये लाखाच्या पुढे जातो, त्यामुळे झिजलेली पकड आणि वीस हजारांचा काउंट हे एकत्र दिसलं तर शंका घ्या.

सेन्सर बघण्यासाठी लेन्स एफ/१६ वर ठेवा, फोकस मुद्दाम घालवा आणि पांढरी भिंत किंवा मोकळं आकाश टिपा. धूसर काळे ठिपके दिसले तर ती धूळ, साफ होते. एफ/२.८ वर तोच फोटो काढल्यावरही न हलणारा रंगीत ठिपका किंवा सरळ रेष राहिली तर ती बहुधा लेसरची जखम. संगीताला डीजेचा लेसर थेट लेन्समध्ये शिरला की सेन्सर जळतो आणि त्यावर सेन्सर बदलण्याखेरीज इलाज नाही. अशी बॉडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा. नंतर लेन्सला झाकण लावून एक सेकंदाचा फोटो घ्या, पांढरे-लाल टिपके किती ते कळेल.

दोन्ही स्लॉटमध्ये कार्डं घालून दोन्हीकडे फोटो लिहिले जातात का ते पाहा. हॉट शूवर (बॉडीवरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेवर) फ्लॅश लावून हलकासा हलवत दहा वेळा मारा; कामाच्या बॉडीत हा शू ढिला पडतो आणि फ्लॅश मध्येच चुकतो. चार्जिंगचं पोर्ट, एचडीएमआय, प्रत्येक डायल, प्रत्येक बटण तपासा. बॅटरी काढून पुन्हा घातल्यावर तारीख पुसली गेली तर आतली छोटी बॅटरी संपलेली आहे. बॅटरी फुगलेली नाही ना हे सपाट काचेवर ठेवून बघा, गरगर फिरली तर नको. निकॉनच्या मेनूत बॅटरीचं वय ० ते ४ मध्ये दिसतं, कॅननमध्ये तीन हिरव्या पट्ट्या दिसल्या तर बॅटरी ठणठणीत.

लेन्स तपासायला अंधारा कोपरा शोधा. दोन्ही झाकणं काढा, अपर्चर (लेन्समधली प्रकाशाची वाट) उघडं ठेवा आणि टॉर्च मागून तिरका धरून काचेच्या आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे किंवा कडेने पसरलेली झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी म्हणजे बुरशी. मुंबई-कोकणातून आलेल्या लेन्समध्ये ती हमखास शोधायची. वरवर पुसून जात नाही, लेन्स उघडावी लागते, आणि कोटिंग खाल्लं गेलं असेल तर साफ केल्यावरही प्रकाशात धूसरपणा राहतो. धुळीचे चार कण मात्र फोटोत दिसत नाहीत, त्यावरून सौदा मोडू नका. अपर्चरच्या पात्यांवर तेल चमकतंय का बघा. शेवटी विटांची भिंत समोरून सरळ टिपून चारही कोपरे ताडून पाहा. तीन धारदार आणि एक मऊ असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे.

बिल आणि वॉरंटी

नवा कॅमेरा घेताना जीएसटी बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. तुमची नोंदणी असेल तर धंद्याच्या नावाने बिल घेऊन तो वळता करून घेता येतो. बिलाशिवाय काही हजार स्वस्त मिळणारा माल बहुधा बाहेरून आणलेला असतो. त्याला भारतातली वॉरंटी नसते आणि चोरी झाली तर विम्याचा दावाही अडतो. दुबई-सिंगापूरहून नातेवाइकांकरवी मागवायचा विचार असेल तर त्या मॉडेलची वॉरंटी भारतात चालते का हे आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. सर्व्हिस सेंटर तुमच्या गावापासून किती लांब आहे यालाही महत्त्व आहे, कारण सीझनमध्ये कॅमेरा पंधरा दिवस अडकला तर चार ऑर्डरी जातात.

बॉडीसोबत लागणारं बाकीचं

फ्लॅश लिथियम बॅटरीवाला घ्या, उदाहरणार्थ गोडॉक्सचा व्ही८६०. साध्या सेलच्या फ्लॅशला आहेराच्या रांगेत दम लागतो. तुमच्या ब्रँडच्या टीटीएलचाच (फ्लॅशचा जोर कॅमेरा आपोआप ठरवतो ती सोय) घ्या, एका ब्रँडचा दुसऱ्यावर नीट चालत नाही. कार्डं फोटोसाठी व्ही३० (कार्डावर छापलेला वेगाचा दर्जा) पुरतात, सलग बर्स्ट मारत असाल तर व्ही६०. एका भल्या मोठ्या कार्डापेक्षा १२८ जीबीच्या दोन जोड्या सोयीच्या. मिररलेसला (आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्याला) किमान तीन बॅटऱ्या लागतात.

हवाबंद प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि छोटं हायग्रोमीटर एवढ्यात घरगुती ड्राय बॉक्स होतो. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा. ६० च्या वर गेली की बुरशीला वाव मिळतो, ३० च्या खाली रबर आणि वंगण सुकतं. चामडी पाऊच आणि कापडी बॅग ओल धरतात, पावसाळ्यात लेन्स त्यात ठेवू नका. एसी हॉलमधून लॉनवर जाताना बॅग बंद ठेवून वीस-तीस मिनिटं जाऊ द्या, नाहीतर काचेवर आणि आत दव धरतं. हळदीला लेन्स बदलायची नाही. एकच झूम लावून बॉडीवर प्लास्टिकचं कव्हर चढवा, कारण हळदीची पूड डायलमध्ये शिरली की ओल्या हाताने तिचा लगदा होतो.

दुसरी बॉडी लगेच विकत घ्यावी लागत नाही. पण एकच बॉडी घेऊन लग्नाला जाऊ नका. त्याच माउंटची आणि शक्यतो त्याच बॅटरीची बॉडी दिवसाच्या भाड्याने आणा आणि ते भाडं कोटेशनमध्येच धरा. घेण्याआधी एखादं मॉडेल पारखायलाही हाच मार्ग उत्तम: अनामत आणि ओळखपत्र देऊन शनिवार-रविवार आणा आणि घरच्या एखाद्या कार्यात चालवून बघा.

ऑर्डरच्या आदल्या रात्री दोन्ही बॉडींची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवा. नाहीतर एडिटिंगला हजारो फोटो वेळेप्रमाणे लावताना हार आधी आणि अंतरपाट नंतर असा क्रम येतो आणि दोन दिवस त्यातच जातात. दुसरा स्लॉट बॅकअपवर आहे ना हे बघा, कारण नव्या बॉडीत तो बऱ्याचदा बॅकअपवर लावलेला नसतो. कार्डं कॉम्प्युटरवर न करता त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करा, आणि फॉरमॅट करण्याआधी मागच्या कामाच्या दोन्ही प्रती उघडून बघा.